कागद अडकतो, दोन-दोन जातो, उचलतच नाही: झेरॉक्स मशीन आणि प्रिंटरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूर-सांगली भागात झेरॉक्स मशीन आणि प्रिंटरची सर्व्हिस करतो. शाळा, पतसंस्था, वकिलांची ऑफिसं, सेतू केंद्रं, स्टेशनरीची दुकानं, सगळीकडून व्हॉट्सॲपवर फोटो येतात आणि खाली एकच वाक्य असतं, "दादा, परत अडकला." तेच ते प्रश्न इथे एकत्र केलेत. एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढे ती सारखी येणार आहे: कागद कुठे अडकला ते बघा आणि मगच हात घाला. जागा कळली की अर्धं कारण कळतं, घाईत ओढून काढला की कारणपण त्याच्याबरोबर कचऱ्याच्या डब्यात जातं.

१. कागद अडकलाय, काउंटरवर लोक उभे आहेत, सगळ्यात आधी काय करू?

स्क्रीनवर मशीनचं चित्र येतं, त्यात कुठला भाग लुकलुकतोय त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. साध्या प्रिंटरला स्क्रीन नसते, तिथे कागदाचं टोक कुठे दिसतंय तेवढं लक्षात ठेवा. मग मशीन बंद करून दारं उघडा, ट्रे बाहेर घ्या. ज्या पट्ट्या आणि मुठी आपण हलवायच्या असतात त्या बहुतेक मशीनमध्ये हिरव्या नाहीतर निळ्या असतात, त्या सैल केल्या की कागदावरची पकड सुटते. आता दोन्ही हातांनी, दोन्ही कडा धरून, कागद ज्या दिशेने पुढे जातो त्याच दिशेने सावकाश ओढा. उलटा ओढलात तर सेन्सरची बारीक दांडी मोडायची भीती असते, आणि मग एका कागदापायी मोठं काम निघतं.

हीटरमध्ये, म्हणजे पावडर वितळवून कागदावर पक्की बसवणाऱ्या गरम रोलरच्या भागात, अडकला असेल तर मशीन बंद करून अर्धा तास थांबा, आत साधारण १८० ते २०० डिग्री असतं. १९५९ साली आलेल्या झेरॉक्स ९१४ या मशीनसोबत कंपनी आग विझवायचं छोटं यंत्र द्यायची, कारण अडकलेला कागद आतल्या उष्णतेने पेटायची शक्यता असायची. आताच्या मशीनमध्ये ठरावीक तापमानाच्या वर गेलं की करंट तोडणारा कटआउट असतो, पण बोट भाजायला १८० डिग्री पुरतं.

टोनर कार्ट्रिज काढावं लागलं तर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, ड्रमला, म्हणजे ज्याच्यावर आधी चित्र तयार होतं त्या नळीला, उजेड सोसत नाही. कपड्यावर पावडर सांडली तर आधी झटका, मग थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती वितळून कायमची बसते.

२. ओढताना फाटला, तुकडा आत राहिलाय वाटतं. तसंच चालू करू का?

नका करू. बाहेर आलेले तुकडे टेबलावर जुळवा, चारी कोपरे मिळाले का बघा. एक कोपरा कमी असेल तर तो आतच आहे. एका शाळेत मशीन रोज वीस-पंचवीस कॉप्या झाल्या की थांबायचं, ट्रे बदलला, कागद बदलला, शेवटी मी टॉर्च घेऊन आडवा झालो तेव्हा हीटरच्या आधीच्या पत्र्याला करंगळीच्या नखाएवढा तुकडा चिकटलेला दिसला, कडेला निळ्या शाईची अर्धी ओळ, म्हणजे कुणाचातरी पेपर होता. येणारा प्रत्येक कागद त्याला घासून जायचा, एखादा बरोबर कोपऱ्यात ठेचला जायचा. चिमट्याने काढला आणि संपलं.

तुकडा काढायला स्क्रू ड्रायव्हर, सुरी, पट्टी असलं काही घालू नका, विशेषतः हीटर आणि ड्रमजवळ, एक ओरखडा पडला की तो पुढे प्रत्येक कॉपीवर येतो. बाजूला हाताने फिरवायची चकती असेल तर ती फिरवून तुकडा पुढे आणा, प्लास्टिकच्या चिमट्याने काढा.

३. रोज जॅम होतंय. कारण मशीनमध्ये आहे का कागदात हे ओळखायचं कसं?

इथे जागेचा उपयोग होतो. कागद आत कसा जातो ते आधी समजून घ्या. ट्रेवर रबराचा एक रोलर असतो, पिकअप रोलर, तो वरचा कागद पुढे ढकलतो. त्याच्या पुढे फीड रोलर आणि त्याच्या खाली सेपरेशनचा पॅड किंवा उलट जोर लावणारा रोलर, त्याचं काम म्हणजे खालचा दुसरा कागद मागे धरून ठेवणं. मग कागद रजिस्ट्रेशन रोलरपाशी येऊन क्षणभर थांबतो, तिथे टेकून सरळ होतो, मग ड्रमखालून जातो, हीटरमधून जातो आणि बाहेर पडतो. वाटेत सेन्सर असतात. मशीनला कागद दिसत वगैरे नाही, ते फक्त वेळ मोजतं, ठरलेल्या वेळात टोक सेन्सरपाशी पोचलं नाही तर जॅम आणि पोचून वेळेत पुढे सरकलं नाही तरी जॅम.

आता जागा लावून बघा. ट्रेच्या तोंडाशीच अर्धवट बाहेर आलेला कागद असेल तर रबर गुळगुळीत झालंय किंवा कागद जड नाहीतर ओला आहे. रजिस्ट्रेशनपाशी, आणि टोकाला पंख्यासारख्या चुण्या पडल्यात, तर वाटेत काहीतरी आडवं आहे किंवा कागदाचं टोक वळलेलं होतं. हीटरला गुंडाळला तर कागद फार पातळ किंवा दमट, नाहीतर हीटरमधली कागद सोडवणारी नखं झिजलीत. बाहेर पडताना अडकतो तर आधी बाहेरचा ट्रे रिकामा करा, शंभर-दीडशे कॉप्यांचा ढीग तसाच असला की नवा कागद त्याला धडकून मागे येतो.

खात्री करायला अजून एक सोपी गोष्ट आहे. नवीन रिम फोडा, वरचे-खालचे दोन-चार कागद सोडून मधले पन्नास दुसऱ्या ट्रेमध्ये किंवा बायपासमध्ये (बाजूला उघडणारा, सुटे कागद घालायचा छोटा ट्रे) घालून चालवा. व्यवस्थित गेले तर दोष जुन्या कागदाचा किंवा पहिल्या ट्रेच्या रबराचा. तेच कागद मग पहिल्या ट्रेत घाला, दोन्हीतला कुठला ते कळेल.

४. ट्रे भरलेला आहे तरी मशीन "कागद घाला" म्हणतं. आवाज येतो पण कागद उचलत नाही.

आवाज येतोय म्हणजे मोटर आणि गिअर फिरतायत, रोलर कागदावरून घसरतोय. ट्रे काढून रोलरवर अंगठा फिरवा. चांगलं रबर किंचित चिकटून धरतं, खडबडीत लागतं. झिजलेलं रबर काचेसारखं चकाकतं, बोट सरकून जातं, बरेचदा त्याच्यावर पांढरी भुकटी असते, ती कागदाची. साफ करून बघा, कसं ते प्रश्न ६ मध्ये. साफ केल्यावर चार दिवस चालून परत तेच झालं तर रबर बदलायचंच.

रोलर चांगला असेल तर ट्रेमध्ये कागद खुणेच्या वर भरलाय का बघा. आणि उलटंही होतं, घरच्या छोट्या प्रिंटरमध्ये पाच-सहाच कागद ठेवले की काही वेळा रोलरला पकड मिळत नाही.

५. एका वेळी दोन-दोन, चार-चार कागद जातात.

रिम कापताना पात्याच्या दाबाने कडेला कागद एकमेकांना धरून राहतात. म्हणून गठ्ठा ट्रेत घालायच्या आधी दोन्ही हातात धरून मोडल्यासारखा वाकवा, सोडा, चारी बाजूंनी फटकारा, मग टेबलावर आपटून कडा सारख्या करा. बऱ्याच जणांना वाटतं की आपटणं हेच काम आहे, मुख्य काम आत हवा शिरण्याचं आहे.

ट्रेत अर्धे कागद शिल्लक असताना वर नवीन घालू नका, त्या सांध्यापाशीच दोन जातात. सगळे बाहेर काढा, एकत्र करून फटकारा, परत घाला.

हे करूनही दोन जात असतील तर सेपरेशन पॅड संपलाय. लोक पिकअप रोलर बदलतात आणि पॅड तसाच ठेवतात, मग नवीन रोलर जास्त जोराने ओढतो, जुना पॅड धरत नाही, पहिल्यापेक्षा जास्त कागद जायला लागतात. दोन्ही जोडीने बदला.

६. रोलर कशाने साफ करू? एकाने सँडपेपर मारायला सांगितलंय.

सुती, धागे न सुटणारं फडकं पाण्याने ओलं करून घट्ट पिळा, रोलर फिरवत पूर्ण गोल पुसा, वाळू द्या, मगच ट्रे आत घाला. शाईचा किंवा तेलाचा डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब चालतील, पण दर आठवड्याला ते लावलं तर रबर सुकून भेगाळतं. पेट्रोल, थिनर, रॉकेल अजिबात नको, रबर फुगतं.

सँडपेपरने चकाकी जाते आणि मशीन काही दिवस चालतं हे खरं आहे. निवडणुकीचं नाहीतर ॲडमिशनचं काम अडलंय आणि रोलर उद्या येणार आहे तर बारीक सँडपेपर हलक्या हाताने मारा, मीही मारलाय. पण त्याने रोलरचा गोलपणा बिघडतो आणि कागद तिरका जायला लागतो, म्हणून रोलर आला की त्याच दिवशी बदला.

७. ७० जीएसएम घेऊ का ७५ का ८०? स्वस्त रिम घेतली तर काय होतं?

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये. साध्या कॉप्यांना चांगला ७० चालतो. दोन्ही बाजूंनी छपाई असेल, मशीन वेगाचं असेल तर ७५ घ्या. ८० पत्रं आणि रिपोर्टला छान, रोजच्या कामाला गरज नाही. मला जीएसएमच्या आकड्यापेक्षा कागद कापलेला कसा आहे याची जास्त काळजी वाटते. रिमच्या कडेवर हात फिरवा, खरखर लागली आणि बोटाला भुकटी आली तर ती भुकटी तुमच्या रोलरवर जाऊन बसणार.

आकड्यावर शंका असेल तर रिम काट्यावर ठेवा. सोळा ए-फोर कागद म्हणजे बरोबर एक चौरस मीटर, त्यामुळे ५०० कागदांच्या ए-फोर रिमचं वजन ७० जीएसएमला साधारण २ किलो १९० ग्रॅम, ७५ ला २ किलो ३४० ग्रॅम आणि ८० ला अडीच किलो भरलं पाहिजे, वर वेष्टनाचं थोडं. ७५ लिहिलेली रिम दोन किलोवर थांबली तर कागद पातळ आहे किंवा कमी आहे, दोन्हीत फसवणूकच.

आणि मशीनच्या सेटिंगमध्ये जो कागद आहे तोच निवडा. "जाड" वर ठेवून पातळ कागद घातला तर हीटर जास्त तापतो, कागद नळी होऊन बाहेर येतो किंवा हीटरलाच गुंडाळतो.

८. उन्हाळ्यात मशीन मस्त चालतं, जून लागला की जॅम सुरू. मशीनला पावसाळा कळतो का?

कागदाला कळतो. कागद हवेतलं पाणी पितो, मऊ पडतो, कडा लाटेसारख्या होतात, कागद एकमेकांना चिकटतात, आणि तोच कागद हीटरमधून गेला की पाणी एकदम उडून वळतो. गगनबावडा, राधानगरी, आजरा या बाजूला जुलैमध्ये मी जातो तेव्हा बॅगेत सुट्या पार्टबरोबर एक बंद रिम असतेच, माझी रिम घालून मशीन चाललं की मी स्क्रू ड्रायव्हर बाहेरसुद्धा काढत नाही. झेरॉक्स हा शब्दच ग्रीक भाषेतल्या "कोरडं" या अर्थाच्या शब्दावरून आलाय, ओल्या शाईशिवाय कोरड्या पावडरने छपाई म्हणून. कागदही त्याला कोरडाच लागतो.

रिमचं वेष्टन आतून ओल धरू न देणारं असतं, म्हणून ते गरजेपुरतंच फाडा, उरलेला कागद त्याच वेष्टनात गुंडाळून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. रिमा जमिनीवर, भिंतीला टेकून, खिडकीखाली ठेवू नका. संध्याकाळी बंद करताना ट्रेमधले कागद काढून डब्यात ठेवा, सकाळच्या पहिल्या वीस कॉप्याच अडकतात असं सांगणाऱ्यांचं कारण हेच असतं, रात्रभर ट्रेमध्ये कागद ओल पीत बसतो. मोठ्या कॉपिअरला ट्रेखाली छोटा हीटर बसवायची सोय असते, तुमच्यात आहे का ते सर्व्हिसवाल्याला विचारा, पावसाळ्यात तो चालू ठेवा.

जत, आटपाडी बाजूला मार्च-एप्रिलमध्ये उलटं होतं, हवा इतकी कोरडी की कागदात स्टॅटिक, म्हणजे घर्षणाची वीज, तयार होऊन दोन-दोन जातात. तिथे फटकारणं (प्रश्न ५) आणि मशीनचं अर्थिंग नीट असणं, या दोन गोष्टी बघा.

९. कागद जातो पण तिरका. प्रिंट एका बाजूला झुकते.

ट्रेमधल्या बाजूच्या पट्ट्या कागदाला नुसत्या टेकल्या पाहिजेत. सैल असतील तर कागद आत जातानाच फिरतो, आवळून बसवल्या तर गठ्ठा मधे फुगतो. ते ठीक असेल तर पिकअप रोलरचं रबर एका बाजूला जास्त झिजलंय का बघा.

१०. एका बाजूची प्रिंट नीट येते, दोन्ही बाजूंची काढली की अडकतं.

पहिली बाजू हीटरमधून जाते तेव्हा कागद सुकून वळतो आणि मग तसाच वळलेला डुप्लेक्समधून, म्हणजे दुसऱ्या बाजूसाठी कागद उलटवणाऱ्या रस्त्याने, परत आत शिरतो. ट्रेमधला गठ्ठा उलटा करा, म्हणजे खालची बाजू वर, बऱ्याच वेळा एवढ्यानेच भागतं. काही रिमांवर कुठली बाजू आधी छापायची त्याचा बाण असतो. नाही भागलं तर ७० ऐवजी ७५ वापरा, कागद कोरडा आहे का ते प्रश्न ८ प्रमाणे बघा, आणि मागचं दार नीट दाबून लावलंय ना तेही, कारण डुप्लेक्सचा रस्ता बरेचदा त्या दारातूनच जातो.

११. एका बाजूने छापलेले जुने कागद दुसऱ्या बाजूला वापरतो. त्याने होतं का?

कागद वाचवायची सवय चांगली आहे, मी ती मोडायला सांगणार नाही. फक्त पिना काढा, पिनेच्या जागी कोपरा फाटका असेल तर तो कागद बाजूला टाका, दुमडलेले आणि स्टिकर लावलेले टाका. एक टाचणी आत गेली तर ड्रमवर रेघ पडते आणि त्या ड्रमच्या पैशात रिमा येतात. हे कागद मुख्य ट्रेत चांगल्या कागदात मिसळू नका, बायपासमधून काढा.

१२. लीगल कागद घातला की अडकतो, नाहीतर "साइज चुकली" म्हणतं. ए-फोर व्यवस्थित जातो.

फूटपट्टी घ्या आणि कागद मोजा. मशीनमधलं "लीगल" म्हणजे अमेरिकेचं लीगल, २१६ बाय ३५६ मिलिमीटर. आपल्याकडे लीगल किंवा एफएस म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच रिमा २१५ बाय ३४५ च्या असतात, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर आखूड. मशीन वेळ मोजतं हे प्रश्न ३ मध्ये सांगितलंय, कागद अपेक्षेपेक्षा आधी संपला की ते थांबतं. कस्टम साइज मध्ये २१५ बाय ३४५ टाका, ट्रेच्या सेटिंगमध्ये आणि कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरमध्येही. एकाच ठिकाणी बदललं तर परत तेच होतं.

१३. स्टॅम्प पेपरवर प्रिंट काढताना फार भीती वाटते. अडकू नये म्हणून काय करू?

भीती बरोबर आहे. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून जिथे शंभरचा चालायचा त्या बऱ्याच कामांना ५०० चा लागतो, चुरगळला तर नुकसान पक्षकाराचं. स्टॅम्प पेपर मुख्य ट्रेत कधीच घालू नका. बायपासमधून, एका वेळी एकच. मागचं दार उघडून कागद सरळ बाहेर पडायची सोय असेल तर ते उघडा, वळण कमी झालं की धोका कमी. कागदाचा प्रकार जाड निवडा. घडी असेल तर आदल्या दिवशी जाड रजिस्टरखाली दाबून ठेवा, आणि घडीचं टोक पुढे करून कधीच घालू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, आधी साधा कागद त्याच मापाला कापा, एका कोपऱ्यात पेनाने फुली मारा, तो घालून प्रिंट काढा. फुली कुठे आली, मजकूर कुठल्या बाजूला आणि कुठल्या उंचीवर आला ते कळलं की मगच खरा घाला. दोन मिनिटं जातात, पण हात थरथरत नाही.

१४. वरच्या फीडरमधून, म्हणजे एडीएफमधून, ओरिजिनल अडकतात.

तिथेही रबर आणि पॅड असतातच, प्रश्न ४, ५ आणि ६ तसेच लागू. पण एडीएफमध्ये जुनी आधार कार्डाची झेरॉक्स, सातबारा, घडी पडलेले दाखले, पातळ पावत्या घालूच नका, काचेवर ठेवून काढा. ओरिजिनल फाटलं तर ते परत मिळवायला माणसाला तालुक्याला हेलपाटे मारावे लागतात. व्हाइटनर लावलेला कागद पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका, तो रोलरवर आणि काचेच्या बारीक पट्टीवर बसतो, मग प्रत्येक कॉपीवर उभी काळी रेघ येते.

१५. आत एकही कागद नाही, सगळं उघडून बघितलं, तरी जॅम दाखवतं.

सेन्सरची छोटी काळी दांडी कुठेतरी दबून राहिलीय. कागद गेला की ती खाली जाते आणि स्प्रिंगने परत वर येते. टॉर्च लावून प्रत्येक दांडी बोटाने हळूच दाबून सोडा, टुणकन वर आली पाहिजे. जी येत नाही तिथे तुकडा (प्रश्न २), धूळ किंवा निसटलेली स्प्रिंग असते. दारं एकेक करून परत घट्ट लावा. दारच नीट बसलेलं नसतं असंही मला बरेचदा सापडलंय.

१६. खंडेनवमीला मशीनची पूजा केली, दुसऱ्या दिवसापासून कागद अडकायला लागले. काही संबंध आहे का?

आहे. पूजा जरूर करा, ज्याच्यावर घर चालतं त्याची पूजा करायलाच हवी, मीही माझ्या हत्यारांची करतो. पण अक्षता आणि फुलांच्या पाकळ्या एडीएफच्या फटीतून आणि बायपासच्या तोंडातून आत जातात. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी दरवर्षी तांदळाचे दाणे काढतो, एक दाणा दोन रोलरच्या मधे बसला की कागदाला तिथेच टोचा पडतो आणि कागद फिरतो. मशीनवर स्वच्छ कापड पूर्ण पांघरून वर हळदकुंकू आणि अक्षता वाहा, हार कापडावरून घाला, पूजा झाल्यावर कापड चारी टोकं धरून उचला. उदबत्ती थोडी लांब लावा.

१७. स्टिकर शीट, ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकची), फोटो पेपर घालू का?

लेझर मशीनमध्ये फक्त पाकिटावर "लेझर" लिहिलेलंच. इंकजेटची प्लास्टिक शीट हीटरमध्ये वितळून रोलरला गुंडाळते आणि हीटर बदलावा लागतो. स्टिकर शीटमधला एक स्टिकर आधी काढलेला असेल तर ती शीट परत घालू नका, बाजूचा स्टिकर आत सुटतो.

१८. हे सगळं करून झालं, तरी अडकतंय. मेकॅनिकला फोन करताना काय सांगू?

कुठला ट्रे, कुठला कागद, एक बाजू का दोन्ही, साधारण किती कॉप्यांनी अडकतं, आणि मशीनचा काउंटर, म्हणजे आजवरच्या एकूण कॉप्यांचा आकडा, किती झालाय. काउंटरवरून रोलरचं आयुष्य संपलंय का ते आम्हाला फोनवरच कळतं आणि पार्ट बरोबर घेऊन येता येतो, नाहीतर दोन फेऱ्या होतात. स्क्रीनवरच्या कोडचा फोटो पाठवा.

आणि अडकलेले शेवटचे तीन-चार कागद फेकू नका, सपाटही करू नका, जसे निघाले तसेच वर बाण काढून ठेवा, कुठलं टोक पुढे होतं ते दाखवणारा. चुण्या कुठे पडल्यात, रोलरचा काळा डाग कुठे उमटलाय, कोपरा डावा दुमडलाय का उजवा, यावरून मला आतलं कुठलं स्क्रू उघडायचं ते ठरवता येतं.